निम्मं सामान

मावशींनी तंबूची पिशवी उलटी करून झटकली. दोरीचं भेंडोळं पडलं, कापड पडलं, कापडाच्या घडीत अडकलेली कधीची दोन वाळकी पानं पडली. काठ्या पडल्या नाहीत. त्यांनी पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, मग सॅकचे सगळे कप्पे चाचपले, आणि शेवटी पावसात उभ्या उभ्याच कपाळावर हात मारून घेतला.

"काठ्या यांच्याकडे," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

'हे' जाऊन दहा महिने झाले होते.

हे म्हणजे मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि घरी आल्यावर उरलेलं सगळं मोजलं. मावशींचं शिलाईचं दुकान होतं, तिथंही अधूनमधून येऊन ते टेप लावून बघत. सलग सव्वीस हिवाळे दोघं या डोंगरात चालायला येत. इथे पाऊस हिवाळ्यातच पडतो आणि शहाणी माणसं तेव्हा घरात बसतात, म्हणून वाटा मोकळ्या मिळतात, असं मोजणीदारांचं म्हणणं. सॅका मावशींनीच शिवल्या होत्या, हिरवी स्वतःची आणि तपकिरी त्यांची. कपाटाच्या दाराला आतून सामानाची यादी चिकटवलेली होती. डावीकडे मावशींचं सामान, उजवीकडे मोजणीदारांचं. निघायच्या आदल्या दिवशी चौकटीला ताणकाटा टांगून दोन्ही सॅका तोलायच्या. एकीचं पारडं जरा जड झालं की चमचा इकडचा तिकडे.

यंदाही मावशी कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि डाव्या बाजूचं सगळं सामान नीट भरलं. यादीवर दोनदा बोट फिरवून खात्री केली. ताणकाट्यावर सॅक टांगली तर दर वर्षीसारखी बरोबर साडेआठ किलो. त्यांना बरं वाटलं होतं. म्हटलं, हे असते तर खूश झाले असते.

आता एका कड्याच्या आडोशाला बसून त्यांनी सामान मांडलं. कापड होतं, काठ्या नव्हत्या. स्पिरिट होतं, स्टोव्ह नव्हता. होकायंत्र होतं, नकाशा नव्हता. झाकण होतं, पातेलं नव्हतं. काडेपेटी तर उजव्या बाजूला अगदी पहिल्या ओळीत होती. त्या आधी हसल्या, मग थोडं रडल्या, आणि खजूर खाऊन कापड अंगाभोवती गुंडाळून तशाच बसून राहिल्या.

उलट फिरलं तर उद्या दुपारपर्यंत रस्ता लागला असता. पण उलट फिरणं म्हणजे मागची खोली.

चिरंजीव विम्याच्या कचेरीत होते. कोण कुठे घसरेल, कुणाचं काय जळेल, याचे दिवसभर हिशेब मांडून संध्याकाळी घरी येत. वडील गेल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता.

"आई, आमच्याकडे ये आता. मागची खोली रिकामीच आहे."

"माझं घरही रिकामंच आहे. तिथे कोण राहणार?"

"विकून टाकू. उद्या पडलीस-बिडलीस तर कळणारसुद्धा नाही कुणाला."

मावशींनी हातातला चमचा खाली ठेवला. "असं करू या. मी एकटी डोंगरात जाते. बारा दिवसांत खिंड ओलांडून पलीकडच्या गावात उतरले, तर मी माझ्या घरी राहणार. मग हा विषय परत काढायचा नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"मग मागची खोली."

चिरंजीवांनी खूप आकांडतांडव केलं, पण आईपुढे त्यांची मात्रा कधीच चालली नव्हती. "मधेच मदतीला फोन केलास की हरलीस, बरं का," ते म्हणाले. हसत म्हणाले, पण चेहरा हसरा नव्हता. कुंड्यांना पाणी घालायला म्हणून घराची किल्ली मात्र मागून घेतली.

फोन सॅकच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला होता. मावशींनी त्याला हातही लावला नाही. सकाळी त्यांनी सुईदोरा काढला, कारण सुईदोरा नशिबानं डाव्या बाजूला होता, आणि कापडाच्या चारी कडांना दुहेरी टाक्यांचे घट्ट फास शिवले. त्यांतून दोरी ओवली की दोन झाडांमध्ये कापड ताणता येत होतं. पहिल्या खेपेला ते धुण्यासारखं लोंबलं. दुसऱ्या खेपेला पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आत आलं. तिसऱ्या खेपेला मावशी कोरड्या झोपल्या.

पाचव्या दिवशी वाटेत एक दगडी खोपट लागलं. दारात शेळ्यांची राखण करणारी एक बाई शेकत बसली होती. मावशींच्या भिजल्या अवताराकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एकट्याच?"

"एकटीच."

"चूल-स्टोव्ह काही?"

"घरी राहिला."

"भांडं?"

"तेही घरी."

"मग आणलंत तरी काय?"

"झाकण," मावशी म्हणाल्या.

बाई इतकी हसली की तिला खोकल्याची ढास लागली. मग तिनं आतून एक रिकामा डबा आणि अर्धी काडेपेटी आणून दिली. झाकण डब्यावर बसेना, पण मावशींना त्या दिवशी पहिल्यांदा गरम पाणी मिळालं. तेवढ्यानं जीव कसा सुपाएवढा झाला.

त्यानंतरचे दिवस एकमेकांत मिसळून गेले. सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक एवढाच की धुकं आधी पांढरं असे, मग राखाडी होई. पाऊस पडे, थांबे, आणि थांबल्यावर झाडं आपापला पाऊस पाडत. मावशी चालत राहिल्या. पायांचा आवाज कधी एका माणसाचा वाटे, कधी दोघांचा. अरुंद वाटेवर त्या अजूनही सवयीनं उजव्या अंगाला जागा सोडून चालत. चढ लागला की विचारत, "किती राहिलं हो?" आणि उत्तर आलं नाही तरी त्यांचं समाधान होई. मोजणीदार तसेही चढावर बोलत नसत, पावलं मोजत असत.

कधी कधी त्यांना वाटे की आपण चालतच नाही आहोत, डोंगरच कुणीतरी मागून हळूहळू ओढून घेतंय. कधी वाटे, दुकानात मशिनवर बसल्या बसल्या डोळा लागलाय आणि हा पाऊस म्हणजे मशिनचाच आवाज आहे. त्याची भीती वाटत नव्हती. उलट बरं वाटत होतं, इतकं की आपल्याला असं बरं वाटावं याची थोडी लाज वाटत होती. झोपताना मात्र त्या कापडाखाली डाव्या बाजूलाच झोपत. उजवी बाजू मोकळी ठेवत, आणि तिथे वारा येऊन पडे.

नवव्या दिवशी जाग आली तेव्हा त्या मधोमध झोपलेल्या होत्या. मावशी बराच वेळ तशाच पडून राहिल्या. मग उठून कापडाची घडी घातली.

खिंड दहाव्या दिवशी लागली. इथपर्यंतची वाट पायाखालची होती. दर वर्षी दोघं इथे यायचे, दगडांच्या ढिगाला हात लावायचे आणि मागे फिरायचे, कारण रजा तेवढीच असायची. पलीकडे काय आहे हे त्यांना नकाशावरच ठाऊक होतं, आणि नकाशा उजव्या बाजूला होता. मावशींनी ढिगाला हात लावला. समोर ढगाखेरीज काही दिसत नव्हतं. त्यांनी होकायंत्र काढून हातावर धरलं, सुई थरथरून थांबली, आणि त्या ढगात उतरल्या.

अकराव्या दिवशी दुपारी, उतारावरच्या झाडीत, खालून कुणीतरी वर येताना दिसलं.

आधी नुसती हालचाल दिसली. मग तपकिरी सॅक. पाठीवरची ती सॅक मावशींनी शंभर पावलांवरूनही ओळखली असती, तिचा टाका न् टाका त्यांच्या हातचा होता. माणूस मान खाली घालून, दमानं, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत येत होता. मावशी वाटेवरून जराशा डावीकडे सरकल्या आणि उजवीकडे जागा करून दिली. त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. छातीत काहीतरी गरम गरम भरून आलं, एवढंच.

"किती उशीर केलात," त्या म्हणाल्या.

माणसानं मान वर केली.

"आई?"

चिरंजीव होते. पायात कचेरीचे बूट, बुटांवर घोट्यापर्यंत चिखल. सॅकचे पट्टे वडिलांच्या मापाचे, त्यामुळे ती पाठीवरून घसरून कमरेखाली लोंबत होती. ओठ थंडीनं निळे पडले होते. मावशींनी डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले, आणि हात पुढे करून मुलाच्या गालाला लावला.

"बर्फ झालायस नुसता. कधी निघालास?"

"शनिवारी कुंड्यांना पाणी घालायला गेलो. कपाटाचं दार उघडंच होतं. बाबांची सॅक खुंटीला होती, तिच्यात काठ्या, स्टोव्ह, सगळं. म्हटलं, आई गेली तरी काय घेऊन?" त्यांचे दात वाजत होते. "फोनची वाट बघितली. तू काय करतेस फोन! मग बसनं पलीकडच्या गावात आलो आणि तिथून वर निघालो. दोन दिवस झाले."

"दोन दिवस? मग झोपलास कुठे?"

चिरंजीवांनी घसरलेला पट्टा खांद्यावर ओढून घेतला.

"काठ्या उभ्या केल्या," ते म्हणाले, "पण वर घालायला काहीच नव्हतं. स्टोव्ह आहे, त्यात घालायला स्पिरिट नाही."

मावशींना हसू आवरेना. मुलगा रागावला, मग त्याचाही ताबा सुटला आणि तोही हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते पावसावर ढकलून दिलं.

पाऊस वाढला. चिरंजीवांनी घाईघाईनं सॅकमधून काठ्या उपसल्या. "कापड काढ. मी लावतो, नळ्या एकमेकींत बसतात, मला आलंय आता."

"राहू देत त्या," मावशी म्हणाल्या. "हे टोक धर. त्या झाडाला, छातीच्या उंचीवर. दोन वेढे. ओढ."

मुलगा बघत राहिला. आईची बोटं फासातून दोरी ओवत, गाठ मारत, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होती. पाणी चारी अंगांनी बाहेर पडू लागलं. आत बसल्यावर मावशींनी स्टोव्हमध्ये स्पिरिट ओतलं, काडी ओढली आणि तपकिरी सॅकमधलं पातेलं वर ठेवलं. मग आपलं झाकण त्यावर ठेवलं. ते नेमकं, जागच्या जागी बसलं. मावशींनी हात झाकणावरून लगेच उचलला नाही, चटका बसेपर्यंत तसाच ठेवला.

चहाचे दोन घोट पोटात गेल्यावर चिरंजीवांच्या ओठांना रंग आला. त्यांनी कापडाच्या कडेचे टाके बोटानं चाचपून पाहिले, अगदी एकेक, वडील दुकानात येऊन टेपनं बघायचे तसे.

"तू फोन केला नाहीस," ते म्हणाले. "मीच आलो."

"हो."

"म्हणजे ही काही मदत धरायची नाही."

चिरंजीवांनी खिशात हात घातला, किल्ली काढली, ओल्या रुमालानं उगाचच पुसली आणि हिरव्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवून कप्प्याची चेन ओढून घेतली.

कापडावर पाऊस एकसारखा वाजत होता. खाली दूरवर, ढग जरा विरळ झाले तिथे, गावाची दोन-तीन छपरं दिसत होती.

"कुंड्यांना किती वेळा पाणी घातलंस?" मावशींनी विचारलं.

"एकदाच."

"मग उद्या लवकर निघू," त्या म्हणाल्या, आणि मुलाला जागा व्हावी म्हणून जरा सरकून बसल्या.