दोघांनी घातलेलं पाणी

मित्रांनो, मी क्लेमॅटिसचा एक जुना वेल आहे. वेल म्हणायचं ते केवळ सवयीनं. आज तुम्ही बघायला आलात, तर कुंडीत वीतभर काडी दिसेल, बस्स.

अकरा वर्षांपूर्वी एका नर्सबाईंनी मला रोपवाटिकेतून आणलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मातीच्या मोठ्या कुंडीत लावलं. माझ्या पानांचे देठच आधाराला वेढे घालतात. तरी वाऱ्यानं सुटू नये म्हणून त्या मला बँडेजच्या पट्टीनं जाळीला हलकेच बांधायच्या. "याची मुळं गारव्यात हवीत आणि डोकं उन्हात," असं घरी येईल त्याला सांगायच्या. तिसऱ्या वर्षी मी बशीएवढ्या जांभळ्या फुलांनी अख्खी जाळी भरून टाकली. समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येऊन बघायची. खोटं कशाला बोलू, मी जरा शेफारलोच होतो.

मग एका हिवाळ्यात बाई स्वतःच आजारी पडल्या आणि पंधरा दिवसांत गेल्या.

घरात दोघं उरले. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात उभा जन्म गेलेले त्यांचे यजमान, आणि चष्म्याच्या दुकानात काम करणारी मुलगी. बाबांना त्रास नको म्हणून मुलगी आईचा विषय काढत नसे. पोरीला त्रास नको म्हणून बाबाही गप्प. जेवताना आवाज व्हायचा तो भांड्यांचाच.

सकाळी मुलगी अंघोळीला गेली की बाबा मला मगभर पाणी घालत. संध्याकाळी ते फिरायला बाहेर पडले की मुलगी दुकानातून येऊन मगभर घाली. आपल्याशिवाय याला कुणी वाली नाही, असं दोघांनाही वाटायचं. कुंडीखालची ताटली सदा भरलेली. पुरे, म्हणायला मला तोंड नव्हतं. माझी मुळं सडू लागली, पानं माना टाकू लागली. ती पाहून दोघांनीही पाणी वाढवलं.

दोन उन्हाळे एकही फूल आलं नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मुलीनं रोपवाटिकेतल्या मावशींना घरी बोलावलं. मावशींनी मला कुंडीतून उपसलं, मुळं नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"पाणी कोण घालतं याला?"

"मी," बाबा म्हणाले. आणि त्याच क्षणी मुलगीही म्हणाली, "मी."

मावशी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या.

"बाबा, मला वाटलं, तुम्हाला याच्याकडे बघवत नाही," मुलगी हळूच म्हणाली.

"आणि मला वाटलं, तू विसरलीस," बाबा म्हणाले. मग ते स्टुलावर बसले आणि बाई गेल्यापासून पहिल्यांदाच लेकीसमोर रडले. मावशी खाली मान घालून काम करत होत्या. त्यांनी सडकी मुळं छाटली, मला वीतभर ठेवून वरचं सगळं कापलं, वाळू मिसळलेल्या नव्या मातीत लावलं आणि कुंडी दोन विटांवर चढवली. मातीत बोट घालून बघा, कोरडी लागली तरच पाणी द्या, असं बजावलं. जाताना म्हणाल्या, फार आशा धरू नका.

दोन महिन्यांनी मला तांदळाच्या दाण्याएवढा कोंब फुटला. मुलीनं दुकानातून भिंग आणलं, आणि दोघांनी आळीपाळीनं तो पाहिला. आठवड्याभरात कोंब काळा पडून गळला. त्यानंतर काही नाही. आत एका मुळात थोडी धुगधुगी आहे, पण ती किती दिवसांची, ते माझं मलाच ठाऊक नाही.

दोघं आता सकाळी एकत्रच गॅलरीत येतात. बाबा बाईंच्या जुन्या गोष्टी सांगतात, मुलगी मध्येच दुरुस्त्या करते. काल तिनं नवीन रोप आणायचं का, असं विचारलं. बाबांनी माझ्या काडीशेजारी मातीत बोट घालून पाहिलं आणि ते म्हणाले, "इतक्यात नको."

मित्रांनो, मी पुन्हा फुलेन, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरात कुणी सुकताना दिसलं, तर एकेकट्यानं धावू नका, आधी एकमेकांना विचारा. आमच्याकडे ते विचारायला दोन वर्षं लागली, आणि माझ्याजवळ तेवढी मुळं नव्हती.