भेटीच्या खिडकीवरचे ठशांचे यंत्र

मित्रांनो, बोट टेकवले की हिरवा किंवा लाल दिवा लावणारे यंत्र तुम्ही रेशनच्या दुकानात पाहिले असेल. मी त्यातलेच एक, सात वर्षे जुने. चंदीगडबाहेरच्या एका तुरुंगात, भेटीच्या खिडकीवर मी असते.

बोटावरच्या रेषा कुठे संपतात आणि कुठे त्यांना फाटे फुटतात, एवढेच मी पाहते आणि आधारच्या नोंदीशी ताडते. चेहरा मला दिसत नाही. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले, कारण खोट्या नावाने आत जाणे बंद झाले. मी चुकत नाही, असे मलाही वाटू लागले.

गेल्या जानेवारीत, एका शुक्रवारी, मेळघाटातून सोनकली बेठेकर नावाच्या कोरकू बाई आल्या. त्यांचा मुलगा मन्साराम चंदीगडजवळच्या खरड गावी इमारतीच्या कामावर होता. चोरीच्या संशयावरून पकडून त्याला आठ महिने झाले होते. खटला अजून सुरू झाला नव्हता. आदिवासी कैद्यांच्या मदत कक्षातल्या नयनाताई बाईंसोबत होत्या.

बाईंनी अंगठा टेकवला. लाल. मग एकेक करून दहाही बोटे. लाल.

"माताजी, उँगलियाँ तो साबुन जैसी घिस गई हैं," कारकून म्हणाला.

"काय म्हणतो?"

"बोटं झिजली म्हणतो, मावशी."

"चाळीस वर्सं दगड फोडले. रेघा राखायला गादीवर बसले होते का?"

ताईंनी ओल्या रुमालाने बोटे पुसून पाहिली. तरी लालच.

"साहब की चिट्ठी लगेगी, जी. सोमवार को आएँगे."

बाईंची गाडी उद्याची होती. घरी सासू अंथरुणाला खिळलेली.

"मी आत जाऊन सांगू का?" ताईंनी विचारले.

"बाप मेला, हे परक्यानं सांगायचं? आमच्यात मेलेल्याच्या नावाचा लाकडी खांब कोरतात, तो कोरायचाय. पोराला विचारल्याबिगर कसा कोरू?"

शेवटी बाईंनी ताईंना बाकावर शेजारी बसवले. मग बाप गेला आणि खांब कोरू का, अशी कोरकूतली दोन वाक्ये त्यांनी ताईंना शिकवली. ताईंनी ती वहीत लिहिली, पुन्हा पुन्हा म्हटली. बाई चुका दुरुस्त करत होत्या.

ताईंचे बोट मी पहिल्याच वेळी ओळखले.

वीस मिनिटांनी ताई बाहेर आल्या.

"कळलं त्याला?"

"कळलं. खांब कोरा म्हणाला."

"अजून?"

"आई का नाही आली, असं विचारत होता."

मित्रांनो, माझी काच पुसा, वायर बदला, असे मी म्हणत नाही. माझा लाल दिवा लागला, तर तेवढी मान वर करून समोरच्या माणसाकडे पाहा. त्या दिवशी खिडकीपाशी असलेल्या प्रत्येकाला ती मन्सारामची आई आहे हे माहीत होते. मला एकट्याला माहीत नव्हते, आणि सगळ्यांनी माझेच ऐकले.