कपाचा पांढरा

ओट्यावर शेजारपाजारच्यांनी आणून दिलेली हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या एकत्र जेवणाची, तीन भांडी होती, दोन बटाट्याची आणि एक जंगली तांदळाचं. शिवाय एक अख्खं हॅम, लिंबाच्या वड्यांचे दोन ट्रे, आणि तळाला नाव न चिकटवलेला एक वाडगा, म्हणजे तो कुणाला परत करायचा हे नंतर शोधावं लागणार होतं. मॅरेनने वाडगा सरकवून जागा केली आणि फोन भिंतीला टेकवून ठेवला. त्याच्या पडद्यावर चार चौकोन होते: फोन, मेसेज, कॅलेंडर, टायमर. चारही करडे.

"फोटो निवडलास का?" तिच्या भावाने, नेल्सने, टेबलापाशी बसूनच विचारलं. त्याच्यासमोर लॅपटॉप उघडा होता. "चर्चमधली बाई पाच वाजता छपाईचं मशीन बंद करते. मग उद्याच्या अंत्यविधीच्या कार्डावर बाबांऐवजी नुसता क्रूस येईल."

"बाबांना चाललं असतं."

"बाबांना काहीही चालायचं. तोच तर घोटाळा होता."

फोटोंना तोटा नव्हता. आई गेल्यापासून बाबा, ऑर्विन टॉलफसन, रोज सकाळी या खिडकीत उभे राहून स्वतःचा एक फोटो मॅरेनला पाठवायचे. चेहरा, आणि चेहऱ्याशेजारी हातात धरलेला पांढरा इनॅमलचा कप. अर्थ एवढाच, की उठलो, कॉफी झाली, ठीक आहे. ही योजना मॅरेनचीच. ती मिनिआपोलिसला प्रबंध लिहीत होती आणि बाबांशी फोनवर बोलायचं म्हणजे तळ्यावर बर्फ किती, धक्क्याला जहाज कुठलं लागलं, यात अर्धा तास सहज जायचा. फोटोला एक नजर पुरे. ती उत्तरादाखल अंगठा पाठवायची. दुपारपर्यंत तिच्या फोनला कुणालाच आत सोडायची परवानगी नव्हती. फक्त हा एक फोटो यायचा.

मागच्या शरदात तिने फोनमधले रंगही काढून टाकले होते. लाल ठिपके गेले, चकाकी गेली, आणि हात आपोआप फोनकडे जायचा बंद झाला. दिवसाचे चार तास होते, ते चाळीस मिनिटांवर आले. हिवाळ्यात तीन प्रकरणं लिहून झाली. प्रयोगशाळेतल्या निम्म्या लोकांना तिने ते कसं करायचं हे स्वतः शिकवलं होतं.

ती फोटो मागे मागे सरकवत गेली. एकात बाबांनी केस विंचरले होते आणि ओठांचा एक कोपरा वर गेला होता. बाबांच्या हिशेबात ते खळखळून हसणं होतं. तिने तो नेल्सला पाठवला आणि भांडी पुसायला घेतली.

लॅपटॉप किणकिणला. नेल्स पुढे वाकला. मग त्याने झाकण थोडं खाली केलं.

"हा नको."

"का? हसतायत त्यात. बाबा हसतानाचे फोटो किती आहेत आपल्याकडे?"

"हा हॉस्पिटलातला आहे ना? शेवटचा?"

"काहीतरीच काय! मागे खिडकी बघ की. मार्चअखेरचा आहे."

नेल्सने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

खिडकीबाहेरचा बर्फ पांढरा होता. मध्ये बाबांचा चेहरा होता, आणि डोळे, ओट्यावरच्या लिंबाच्या वड्यांसारखे पिवळे.

"तुझा स्क्रीन बिघडलाय," मॅरेन म्हणाली.

म्हणता म्हणताच तिची नजर कपाकडे गेली. स्क्रीन बिघडलेला असता तर कपही पिवळा दिसला असता. कप पांढराशुभ्र होता.

नेल्सने उठून तिचा फोन घेतला. तोच फोटो अजून उघडा होता. त्याने तो लॅपटॉपशेजारी धरला.

"हा काळापांढरा का?"

"मीच केलाय."

"का पण?"

"लक्ष जाऊ नये म्हणून."

तिच्या हातातलं फडकं अजून त्याच ताटलीवर फिरत होतं. ताटली केव्हाच कोरडी झाली होती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना कागदावर चित्र काढून समजावलं होतं. गाठीने पित्ताची वाट अडली होती, मग आत जंतू वाढले, ते रक्तात गेले. महिनाभर आधी आले असते तर एक बारीक नळी घालून वाट मोकळी करता आली असती, गाठीचंही काही करता आलं असतं. पण त्यांना दुखत नव्हतं, मॅरेनने विचारलं होतं, मग कळणार कसं? रंगावरून, बाई म्हणाल्या होत्या. बहुतेक वेळा घरच्यांनाच आधी दिसतं.

मागचं दार उघडलं. शेजारची वर्ना कॉफीचा मोठा थर्मास छातीशी धरून आत आली आणि पायानेच दार लोटलं.

"अजून कुणी काही खाल्लेलं दिसत नाही. उद्या सगळं गाव येणार, आणि ही दोन पोरं उपाशी म्हणून माझी अब्रू जाणार. नेल्स, ताटली घे." बोलता बोलता तिने लॅपटॉपकडे पाहिलं आणि थर्मास खाली ठेवला. "हाच तो रंग! हिवाळा काढून ॲरिझोनाहून परत आले, गाडीतून उतरते न उतरते तोच हा समोर बर्फ लोटताना दिसला. मी रस्त्यावरूनच ओरडले, ऑर्विन, अरे पिवळा भोपळा झालाय तुझा! तर मला म्हणतो कसा, तू उन्हाने काळी झालीस म्हणून तुला सगळं जग पिवळं दिसतंय."

"वर्ना," नेल्स म्हणाला.

"मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता गाडीत बस. तर म्हणे, काही नाही गं, मॅरेन रोज बघते मला. मी विचारलंय तिला, रंग कसा वाटतोय म्हणून. ती म्हणाली, झकास. आणि रंग मोजणं हे तर तिचं कामच आहे, तुझ्यापेक्षा तिला जास्त—"

"वर्ना, गाडीतल्या खुर्च्या उतरवायच्यात. जरा हात लावता का?"

"खुर्च्या? सकाळीच तर..." वर्नाने नेल्सकडे पाहिलं, मग मॅरेनकडे, मग टेबलावरच्या करड्या फोनकडे. तिला नेमकं काय कळलं कोण जाणे. तिने मॅरेनच्या हातातून ताटली काढून घेतली, तिच्यावर लिंबाची एक वडी ठेवली आणि ती टेबलावर ठेवून नेल्सच्या मागोमाग बाहेर गेली.

मॅरेन खुर्चीवर बसली. तिने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग सुरू केले. याला तीन वेळा बोट टेकवावं लागलं.

मग ती बाबांचे मेसेज वर वर नेत गेली. फोटो, अंगठा. फोटो, अंगठा. तीन मार्चच्या फोटोखाली एक ओळ होती. 'रंग कसा वाटतोय माझा? न्हाणीघरातल्या दिव्याचा काही भरवसा नाही.' खाली तिचं उत्तर होतं. 'झकास!' आणि अंगठा. त्यापुढच्या फोटोंखाली बाबांनी पुन्हा काही विचारलं नव्हतं.

तळ्यांचं पाणी वर्षानुवर्षं किती पिवळं होत जातं, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. ती ते फोटोंवरून मोजायची. उजेड रोज वेगळा असतो, म्हणून प्रत्येक फोटोत पाण्यावर एक पांढरी तबकडी धरावी लागे आणि पाण्याचा रंग त्या पांढऱ्याशी ताडून पाहावा लागे. पिवळेपणा वाढला की निळा उतरतो. पाण्यातल्या निळ्याला तबकडीतल्या निळ्याने भागायचं. एक म्हणजे तबकडीइतकं पांढरं, आणि आकडा जितका कमी तितकं पिवळं.

तिने दोन फोटो लॅपटॉपवर घेतले. बाहेर अंगणात घडीच्या खुर्च्या एकमेकींवर आपटत होत्या. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तिने बाण नेला आणि आकडा लिहून घेतला. मग कपावर नेला. दोन्ही फोटोंत कप तिच्याकडे नीट वळवून धरलेला होता. हात हलला असेल म्हणून तिने प्रत्येक माप तीनदा घेतलं आणि सरासरी काढली.

तीन जानेवारी: ०.९४.

तीन मार्च: ०.७१.