माझ्या मढ्याशेजारी बसलेली सेनुली

मित्रांनो, मी एक म्हातारा सरडा आहे. लंकेत, महानुवर शहराजवळच्या डोंगरउतारावर, रन मेनिका आच्चीच्या, म्हणजे आजीच्या, परसातल्या जायफळाच्या झाडावर राहतो. माझ्या नाकावर गोल गाठ आहे आणि पाठीवर करवतीसारखे दाते. माझ्या जातीचे सरडे या बेटाबाहेर कुठेच नाहीत.

कुणी अंगावर आलं की मी लालभडक तोंड वासतो. तरी तो हटला नाही, तर डोळे मिटून मेल्यासारखा पडून राहतो. आम्हाला याहून वेगळी विद्या येत नाही. समोरच्या कोकोच्या झाडावर माझ्याच जातीची एक मादी होती. ती रस्त्यात अशीच डोळे मिटून पडली. मांजर असतं तर हुंगून निघून गेलं असतं. पण समोरून आली ती रिक्षा. तेव्हापासून या परसात मी एकटाच.

एकदा जायफळं वेचताना आच्चीच्या नातवानं, थिवंकनं, मला उचललं. मी लगेच मेलो.

"अय्या, मारलास ना त्याला!" त्याची धाकटी बहीण सेनुली ओरडली.

"मी? नुसता हात लावला! तुझं तोंड बघून मेला असेल."

त्यानं करवंटीनं खड्डा खणला, काडीला पांढरी चिंधी बांधून, इथे मयताच्या वेळी लावतात तसं निशाण रोवलं आणि मला आत ठेवलं. शेपटीवर माती पडली. हललो तर पुन्हा पकडतील, न हललो तर पुरतील. भीतीनं माझ्या अंगाचा दगड झाला होता.

"थांब," सेनुली म्हणाली. "आपले आजोबा गेले तेव्हा सगळे रात्रभर जवळ बसले होते. मढ्याला एकटं सोडायचं नसतं."

"सरड्याचं कसलं आलंय मढं! बस तूच. मी चाललो भात खायला."

ती बसली. हात मांडीवर ठेवून. फणसाची सावली सरकत तिच्या पायांवर आली. इतका वेळ माझ्याजवळ कधीच कुणी बसलं नव्हतं.

मी एक डोळा उघडला. तिनं पाहिलं, श्वास रोखला, पण हात पुढे केला नाही. मी हळूच बाहेर आलो आणि जायफळावर चढलो.

"आच्ची! मढं झाडावर चढलं!"

"मग आता तरी जेवायला ये गं, पोरी!" घरातून आवाज आला.

ती पळाली. परसात पुन्हा पाचोळ्याचाच आवाज उरला. तिला 'थांब' म्हणायला मला वाचा नव्हती.

मित्रांनो, आमच्यापैकी कुणी निपचित पडलेला दिसला तर उचलू नका, पुरायची घाई करू नका. रस्त्यात असेल तर गाडी तेवढी थांबवा. मग जरा लांब, शांतपणे बसा. डोळे मिटलेले असले तरी जवळ कुणी बसलंय, हे आम्हाला कळतं.