दोनशे चौदावं गीत

गीतसमितीची बैठक म्हटली की प्रूफबाईच्या मस्तकात तिडीक जायची. तीन सभासद, चौथी ती, आणि चर्चच्या मागची खोली, जिथे मोडक्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या असत आणि धड खुर्च्या कोणीतरी कार्यक्रमाला उचलून नेलेल्या असत. बैठक पाचची. पाळकसाहेब साडेपाचला येत, संगीतमास्तर पावणेसहाला, आणि निवृत्त हेडमास्तर साडेचारपासूनच येऊन बाकीच्यांच्या नावानं बोटं मोडत बसलेले. गीतांचं जुनं पुस्तक नव्यानं छापायचं होतं. गीतं तीनशे बारा, आणि दोन वर्षांत या तिघांचं एकमत झालं होतं ते फक्त चहात साखर कमी असल्याबद्दल.

प्रूफबाई एका छापखान्यात प्रुफं तपासायची. तीस वर्षं तिच्या लाल पेनाखालून पाठ्यपुस्तकं गेली, औषधांची माहितीपत्रकं गेली, मोठमोठ्या माणसांची आत्मचरित्रं गेली. समितीनं तिला घेतलं ते फुकटात चुका काढून मिळतील म्हणून. ती गेली वेगळ्याच कारणासाठी. अनुक्रमणिकेत दोनशे चौदाव्या गीतापुढे 'अज्ञात' असं छापलेलं होतं, आणि हे अज्ञात म्हणजे तिची आई होती, वय वर्षं ऐंशी, जी या घटकेला घरी खिडकीशी बसून मटार सोलत असणार.

या चर्चच्या मंडळीची एक जुनी खोड होती. कोणाला गीत सुचलं की त्यानं ते कागदावर उतरवायचं, घडी घालून दानपेटीत टाकायचं आणि खाली नाव घालायचं नाही. देवाला दिलं ते दिलं, त्याची दवंडी कशाला? त्यामुळे पुस्तकातल्या जवळजवळ निम्म्या गीतांपुढे 'अज्ञात' होतं. परक्या माणसाला वाटावं, या नावाचा कोणी दांडगा कवी होऊन गेला.

दोनशे चौदावं गीत मात्र चर्चच्या भिंतींत मावलं नव्हतं. त्यातल्या दोन ओळी तर सगळ्या गावाच्या तोंडी होत्या:

दार होते उघडे, दिवा होता जळता;
उशीर केलास प्रभू, तरी ये आता.

ज्यांनी चर्चची पायरी कधी चढली नव्हती तेही आपल्या माणसाला पोचवून आल्यावर हे गुणगुणायचे. कारखान्याच्या संपात मंत्री तीन तास उशिरा आले, तेव्हा कामगारांनी फाटकाशी उभं राहून हेच म्हटलं होतं. चार दिवस वाट पाहायला लावून नळवाला उगवला की बायका "उशीर केलास, तरी ये आता" म्हणत दार उघडायच्या. कॉलेजात तर ते अभ्यासाला होतं, आणि परीक्षेत प्रश्न यायचा, 'कवीच्या मनातील भाव स्पष्ट करा.' पोरं पानंच्या पानं भरायची. कवीच्या मनातला भाव इकडे मटार सोलत बसलेला.

ही आवृत्ती निघाली की पुस्तक पुन्हा छापायला अजून चाळीस वर्षं लागतील, तोवर आई काही थांबणार नाही, हे प्रूफबाईला कळत होतं. जगभरच्या लोकांची नावं तिनं तपासून दिली होती. एकदा, फक्त एकदा, तिला आईचं नाव छापलेलं बघायचं होतं. त्यासाठी समितीचा एक अर्ज होता, 'हे गीत माझे आहे' एवढं लिहून खाली सही करायची. अर्ज गेले आठ महिने घरात फ्रिजवर पडून होता.

"आई, नुसती सही कर."

"कशाला?"

"तू लिहिलंस म्हणून."

"मी कुठे लिहिलं? सुचलं ते उतरवलं."

"सगळे कवी तेच करतात गं, आणि खाली नाव घालतात."

"घालू देत की. मी कुठे अडवलंय त्यांना?"

यावर माणसानं डोकं आपटायचं तरी कुठे? आईचा नम्रपणा असा होता की त्याच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकावेत. चर्चनं तिला वाचायला शिकवलं, लिहायला शिकवलं, शिवणवर्गात नोकरी दिली, चारचौघांत उभं राहून गायला शिकवलं, आणि एवढं सगळं पदरात घातल्यावर 'मी' हा शब्द तेवढा काढून घेतला, असं प्रूफबाईचं पक्कं मत होतं. ते तिनं आईला अनेकदा ऐकवलंही होतं. आई म्हणायची, "शेंगा संपल्या, अजून आण."

मग एका गुरुवारी हेडमास्तरांनी दोनशे चौदाव्या गीतावर बोट ठेवलं.

"ही ओळ काही बरोबर नाही. 'उशीर केलास प्रभू.' देव उशीर करत नसतो. असलं शिकवणार आहोत का आपण पोरांना?"

"जुनं गीत आहे," पाळकसाहेब चाचरत म्हणाले.

"म्हणूनच सुधारायला हवं. मी करून आणलंय. 'वेळेवर आलास प्रभू, धन्य मी आता.'"

संगीतमास्तरांनी टेबलावर बोटांनी ठेका धरून ओळ म्हणून पाहिली. "चालीत बसतं," ते म्हणाले. त्यांना चालीत बसलं की सगळं पटायचं.

"वेळेवर आलास म्हणायला देव काय दूधवाला आहे?" प्रूफबाई म्हणाली. "आणि असं परस्पर कसं बदलता?"

हेडमास्तरांनी शांतपणे नियमांचा कागद पुढे सरकवला. गीतकार माहीत असेल तर त्याच्या परवानगीशिवाय शब्दाला हात लावायचा नाही. गीतकार अज्ञात असेल तर समितीनं योग्य तो बदल करावा.

"ते माझ्या आईचं गीत आहे."

"बाई, या गीतावर आजवर तिघांनी हक्क सांगितलाय. एकाच्या तर आजोबांनी लिहिलं होतं म्हणे. तुमच्या आई स्वतः येऊन सांगतील का?"

आई येणार नाही हे त्या तिघांनाही ठाऊक होतं, कारण शिवणवर्गातल्या मुलींनी तिच्या हातच्या भरतकामाची स्तुती केली तरी ती "सुई चांगली होती" म्हणायची. पुढच्या गुरुवारी बदल कायम करायचं ठरलं.

घरी येऊन तिनं पिशवी आदळली. "बसा आता नम्रपणे. तुझी ओळ बदलली त्यांनी."

"कोणती?"

"उशीर केलास. आता 'वेळेवर आलास प्रभू' म्हणायचं. धन्य मी आता, पुढे."

आईचे हात थांबले. "कोण आलं वेळेवर?"

प्रूफबाईनं मान वर करून पाहिलं. आईचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

"डॉक्टर सकाळी येतो म्हणाला होता," आई म्हणाली. "मी सकाळपासून दार उघडं टाकून बसले. तुला शेजारी ठेवलं होतं. अंधार पडला तसा दिवा लावला, की त्याला घर सापडावं. तो आला तेव्हा तुझा दादा जाऊन दोन तास झाले होते. आणि त्या दोन तासांआधी मी ज्याला ज्याला हाका मारत होते, त्यातलं कोणीच आलं नव्हतं."

दादा होता, सहा वर्षांचा असताना तापानं गेला, तेव्हा आपण तीन वर्षांच्या होतो, एवढं प्रूफबाईला माहीत होतं. त्या घरात सत्तेचाळीस वर्षांत त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. बाबांनी नाही, आईनं नाही, आणि त्या दोघांकडे बघून तिनंही नाही. ते गीत तिनं चार वेळा तपासलं होतं. दार, दिवा, उशीर, सगळ्यांवरून तिचा लाल पेन फिरला होता आणि तिनं फक्त स्वल्पविराम दुरुस्त केला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी साडेचारला हेडमास्तर खोलीत आले, तर त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर आई बसलेली होती. पुढचा तासभर दोघं समोरासमोर बसून होती. हेडमास्तरांना त्या दिवशी कोणाच्या नावानं बोटं मोडायचं धाडस झालं नाही.

"काकू, तुम्ही?" पाळकसाहेब आत येऊन थबकले.

आईनं संगीतमास्तर येईपर्यंत वाट पाहिली. मग, विसरलेली छत्री मागायला आल्यासारखं, ती म्हणाली, "दोनशे चौदा माझं आहे. मी लिहिलंय."

पुरावा कोणी मागितला नाही. ही बाई खोटं बोलते असं म्हणायची त्या खोलीत कोणाची छाती नव्हती. हेडमास्तरांनी तरी घसा खाकरला. "तुमच्याबद्दल आदर आहे, काकू. पण देव उशीर करत नाही, हे तर तुम्हीही मान्य कराल."

"नाही करणार," आई म्हणाली. "दाराशी मी होते, तुम्ही नव्हता. त्यानं उशीर केला. आणि तरी मी सत्तेचाळीस वर्षं दर रविवारी इथे येऊन बसते. एकही रविवार चुकला नाही, विचारा कोणालाही. ते 'तरी ये' मी उगीच नाही लिहिलं, हेडमास्तर. उशीर खोडलात, तर माझ्या येण्याला काय अर्थ राहिला?"

संगीतमास्तरांचा ठेका केव्हाच थांबला होता. पाळकसाहेबांनी सुधारलेल्या ओळीचा कागद दुमडून बाजूला ठेवला.

"ओळ आहे तशी राहील," ते म्हणाले.

आईनं अर्ज मागितला, चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं. प्रूफबाईला शेजारून डोकवायचं होतं, पण आईनं कागद हातानं झाकला, घडी घातली आणि थेट पाळकसाहेबांकडे दिला. परतताना प्रूफबाई इतकी खूश होती की तिनं रिक्षा केली. आईनं वाटभर रिक्षाच्या भाड्याबद्दल कुरकुर केली.

शनिवारी सकाळी अनुक्रमणिकेचं शेवटचं प्रूफ छापखान्यात तिच्या टेबलावर आलं. बाकी सगळं सोडून तिनं दोनशे चौदा काढलं. 'अज्ञात' गेलं होतं. त्या जागी आईचं नाव नव्हतं. एका मुलाचं नाव होतं, आणि त्याला जोडून 'ची आई'.

आधी तिचा संतापच झाला. दोन वर्षं त्या मोडक्या खुर्च्यांवर बसून काढली, त्या तिघांचा चहा प्यायली, आणि या बाईनं शेवटी स्वतःचं नाव गाळलं ते गाळलंच. आणि लिहायचंच होतं कोणाची तरी आई, तर ऐंशी वर्षांच्या म्हातारीचं सगळं करणारी लेक काय मेली होती? लाल पेन उघडून ती तशीच बसली. खोडायला हात जाईना. ते नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं पाहिलं होतं. चार अक्षरं होती.

छापखान्याचा नियम होता की माणसाचं नाव छापायला सोडण्याआधी ते त्याला वाचून दाखवायचं. तीस वर्षांत तिनं तो मोडला नव्हता. तिनं घरी फोन लावला.

"आई, अनुक्रमणिका आलीये. नाव वाचते, बरोबर आहे का सांग."

"वाच."

तिनं वाचलं. दादाचं नाव, आणि पुढे 'ची आई'. फोन कट झाला की काय म्हणून तिनं कानापासून काढून पाहिला.

"आई? बरोबर आहे ना?"

"परत एकदा वाच," आई म्हणाली.

प्रूफबाईनं परत वाचलं.