पाण्याचा आवाज

दत्तजयंती झाली आणि माजिवड्याच्या त्या सोसायटीतल्या स्विमिंग पूलचा हीटर बिघडला. चालू केला की जरा वेळाने छोट्या पडद्यावर ‘ओव्हरहीट’ यायचं आणि मशीन गप्प. थंडीत तसंही कोण पोहतंय, म्हणून कुणाचं फारसं अडलं नाही. अडलं ते शकूकाकूंचं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी त्यांना रोज कोमट पाण्यात चालायला सांगितलं होतं. कठडा धरून चालता चालता डावा पाय उचलायलाही लागला होता. रामनवमीच्या कीर्तनात रामजन्माला सगळे उठतात, तेव्हा आपणही उठायचं आणि पाळण्याची दोरी ओढायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण गार पाण्यात पायाला गोळे यायला लागले आणि त्यांनी उतरणं सोडलं.

त्यांचे यजमान शिवरामकाका मानपाड्याहून येणाऱ्या मेकॅनिकवर, सुदेशवर, चिडले होते.

“काय रे, नवा सेन्सर बसवलास ना? तुझी पाठ वळली की हा झोपतोच!”

“काका, सेन्सर बरोबर बोलतोय. आतून पाणीच कमी जातंय, म्हणून तापतंय ते. फिल्टर पण मी मागच्या वेळी आलेलो तेव्हा धुतलाय.” बोलत बोलत सुदेश पाइप चाचपत कीर्तनाच्या हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. “अरे, हा व्हॉल्व्ह अर्धा बंद कोणी केला? वॉचमन लोक ना, कायपण फिरवतात!”

काकांना आठवलं. दत्तजयंतीला भिंतीपलीकडे कीर्तन रंगलं होतं. बुवा आवाज उतरवून अभंग आळवत होते आणि नेमकी तेव्हाच पाइपातून पाण्याची घरघर. काकाच उठून मागे आले होते. व्हॉल्व्हची मूठ फिरवली, घरघर कमी झाली. मग बुक्का, बुवांचे पाय, प्रसाद... मूठ राहूनच गेली.

“वॉचमन नाही रे. मीच.”

“म्हणजे इतके दिवस मी फुकट बोलणी खाल्ली?” सुदेश हसला. काकांना हसू आलं नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. काकूंनी डाव्या पायावरून हात फिरवला.

“तरीच! मागे बसूनही बुवांचा शब्दन् शब्द ऐकू आला मला. म्हटलं, महाराजांची कृपा.”

“शकू, तुझे एवढे दिवस गेले गं.”

“गेले खरे,” काकू म्हणाल्या. “उद्या उतरू.”

पाणी कोमट झालं. पाय मात्र पहिल्यासारखा उचलेना.

रामनवमीला भिंतीमागे पाणी घरघरत होतं. बुवांचे अर्धे शब्द त्यात बुडत होते, पण काका जागेवरून हलले नाहीत. दुपारी गुलाल उधळला, सगळे उठले. काकूंनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, जराशा उचलल्या, पुन्हा बसल्या. उभे राहिलेले काकाही खाली बसले.

“अहो, रामजन्माला बसतात का? उठा! माझ्या वाटचंही उभं राहा.”

काका उठले, पुढे गेले. कुणीतरी पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओढली नाही. ती घेऊन मागे वळले, दोन पावलं चालले आणि थांबले.

दोरी खुर्चीपर्यंत पुरत नव्हती.