तुळजाबाईंच्या नंबरावरची लाळ

दुष्काळात पालीच्या दूध संस्थेत फ्रीजरला काम उरलं नव्हतं, म्हणून सचिव मोहनरावांनी सायराच्या लाळेच्या नळ्यांना एक कप्पा दिला. "दूध वाढलं की काढावं लागंल बरं," असं ते म्हणाले खरे, पण तशी वेळ येईल असं त्यांनाही वाटत नव्हतं.

सायरा बीडच्या एका मेकॅनिकची मुलगी. मानसशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रबंध तिला याच सत्रात द्यायचा होता. झोपमोड झाली की शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बदलतं आणि ते लाळेत मोजता येतं. टँकरसाठी अवेळी उठणाऱ्या बायांच्या स्मरणशक्तीशी त्याचा काय संबंध, हा तिचा प्रश्न. बाया दूध घालायला आल्या की ती त्यांना आकडे उलटे म्हणायला लावी आणि सभासद नंबर टाकलेली नळी हातात देई. उठल्याबरोबर, चूळ भरायच्या आधी, तीत थुंकायचं.

तुळजाबाईंनी भरलेली नळी आणून दिली आणि भिंतीला टेकल्या. "चारा छावणीत म्हशीपाशी झोपून कंबर गेली. सोमवारपासून घर पाह्यलं न्हाई."

"मग ही नळी कुणी भरली, आजी?"

"सुनंनं. भिवरानं. छावणीत धार काढाया आली तवा देऊन गेली."

"पण नंबर तुमचा आहे."

"मग? दूधबी तीच काढती, जातं माझ्याच नंबरावर. घर एकच हाय ना."

"लाळंला फॅट किती लागली तेवढं सांगा, म्याडम," मोहनराव म्हणाले.

सायराला हसू आलं, आणि लगेच ध्यानात आलं: डोकं एकीचं तपासलं होतं, लाळ दुसरीची होती. तिनं बाकीच्या बायांना विचारलं. कुणाची नळी जावेनं भरली होती, कुणाची लेकीनं. एकीनं तर दोघींची थोडी थोडी घातली होती. दुधाचं तसंच चालायचं.

प्रयोगशाळेत आकडे व्यवस्थित निघाले असते. कुणाला काही कळलं नसतं. तिनं प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"टाकून द्या," सर म्हणाले. "पण मग प्रबंध या सत्रात होणार नाही."

"माहीत आहे, सर."

कोऱ्या नळ्यांवरचे नंबर खरवडून ती तुळजाबाईंच्या घरी गेली. भिवराबाईनं घागर खाली ठेवली. सायरानं नळीवर तिचं नाव लिहिलं आणि आकडे उलटे म्हणायला सांगितले.

"आत्याबाईनं म्हणले की," भिवराबाई म्हणाली. "परत कावून?"

सायरा उंबऱ्यावर बसली आणि पहिल्यापासून समजावू लागली.